ताईच्या मापाचा पुतळा

[चिकटपट्टी फाडल्याचा आवाज. पाठमोरी ताई.]

ताईच्या अंगावर चिकटपट्ट्या लावून तिच्या मापाचा पुतळा करायचाय, कपडे बेतायला. हा जुना टी-शर्ट आता कुणी घालणार नाही. थोड्या वेळाने तो पाठीत उभा कापला जाईल. तोवर ताईला हलायचं नाही, आणि पोटही आत ओढायचं नाही. तो मोह सगळ्यांनाच होतो. पण आत ओढलेल्या पोटावर बेतलेला कपडा घालून जेवायला बसता येत नाही.

आत रोजचीच ब्रा आहे, कारण ती बदलली की छातीची उंची बदलते. गळ्याभोवती पातळ प्लास्टिक गुंडाळलंय. कंबरेला सैलसर इलॅस्टिक बांधून दोनदा वाकलं, की ते आपसूक योग्य जागी सरकतं. शिवणकामापुरती कंबर तीच.

[धाकटीचे हात, जवळून.]

पहिली पट्टी छातीखालून. पुढच्या दोन छातीच्या मधोमध, फुलीसारख्या. लांब पट्टी उभारावरून सरळ ओढली, तर छाती दबते आणि पुतळा सपाट निघतो. म्हणून इथे बोटभर तुकडे, प्रत्येक आधीच्यावर अर्धा चढवून. पट्टी ताणायची नाही, नुसती टेकवायची. मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात त्या वळणाशी, तर तुकडे आणखी लहान. धाकटी इथे फार वेळ घेते, आणि तो घ्यायलाच हवा. बाही नीट बसणं याच वळणावर ठरतं. पाठीवर मात्र लांब पट्ट्या भराभर चालतात. दुसरा थर पहिल्याला छेद देत, मग तिसरा.

मध्येमध्ये पाणी, गुडघे सैल. गरगरलं तर काम अर्धवट टाकून लगेच कापून बाहेर यायचं.

[दोरीला बांधलेली किल्ली, ओळंब्यासारखी.]

गळ्यापासून सोडलेल्या ओळंब्यावर पुढची मध्यरेषा. जमिनीपासून मोजून खालची कडा. कापण्याआधी पाठीच्या रेषेवर आडव्या खुणा, म्हणजे जोडताना दोन्ही बाजू जुळतात. मग बोथट टोकाची कात्री, आणि अंगाकडे धाकटीचा हात.

[रिकामं कवच टेबलावर.]

ताईचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे. प्रत्येक कुडता त्याच बाजूला घसरायचा, आणि दोष शरीराला दिला जायचा. तयार कपडे ठरावीक मापांच्या तक्त्यावर बेतले जातात, दोन्ही खांदे सारखे धरून. इथे खांदा जसा आहे तसा आहे.

आत हँगर, खाली पुठ्ठ्याचा तळ, भरायला कापसासारखा फायबर. कातरणही चालते, पण जड होते. भरताना दर थोड्या वेळाने मापाची टेप लावायची, कारण जास्त ठासलं की पोट फुगतं. पट्ट्यांच्या जाडीमुळेही माप थोडं वाढतं. तेवढी पाचर बगलेखाली कापून पुन्हा जोडायची. वरून ताणाच्या कापडाची खोळ हवीच, नाहीतर टाचण्यांना गोंद लागतो.

अंग बदललं, की पाठ उघडून भरण कमी-जास्त करता येतं.

[कुडता पुतळ्यावर, सुलटा.]

खांद्याची शिवण उसवली. उजवीकडे जास्तीचं कापड चिमटीत धरून टाचणी लावली, डावीकडे हात लावला नाही. मुंढा तेवढाच खाली घेतला.

[ताई आरशासमोर. निवेदन नाही.]