‘चालंना झालाय’

रात्रीचे साडेदहा. सोलापूरच्या पूर्व भागात मागांची खडखड अजून चालूच आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मेसेज येऊन पडतो : ‘प्रोग्राम चालंना झालाय. सांगा की कोणीतरी.’ सोबत मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. मधोमध ट्यूबलाइट चमकतेय, डावीकडच्या ओळी अर्ध्या कापल्या गेल्यात.

हा मुलगा इथे दुसऱ्यांदा विचारेल का, ते पहिल्या उत्तरावर ठरतं. ‘गूगल कर’ म्हणून भागत नाही, कारण काय शोधायचं तो शब्दच त्याच्याकडे नाही. आणि ‘सोपंय रे’ तर त्याहून वाईट. सोपं असून मला येत नाही, असाच त्याचा अर्थ समोरचा घेतो.

कामाचं उत्तर असं असतं : ‘या, स्वागत. फोटोतला कोड आम्हाला चालवून बघता येत नाही, तेवढा मजकूर चिकटवा. काय टाइप केलं, काय यायला हवं होतं आणि काय आलं, तेही लिहा.’

चिकटवायचं कसं, हेही तिथेच सांगावं. कोडच्या वर आणि खाली तीन-तीन बॅकटिक (`). कीबोर्डवर एस्केपच्या खाली, एकच्या डावीकडे ती कळ असते. फोनवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर शोधावी लागते. बॅकटिक दिले नाहीत, तर बऱ्याच ठिकाणी जोड-अंडरस्कोर (__) ठळक अक्षरांची खूण समजून गिळले जातात आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा उडते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत तर त्या मोकळ्या जागेवरच सगळं व्याकरण उभं आहे.

मुलगा कोड टाकतो. चादरीचा दर विचारायचा आणि तीन चादरींची रक्कम दाखवायची, एवढंच काम. दर दिला ४५०, यायला हवे होते १३५०. आले ४५०४५०४५०.

एररची लाल अक्षरं कुठेच नाहीत, म्हणून तो जास्त गोंधळलाय. पायथनमध्ये ‘इनपुट’कडून, म्हणजे टाइप केलेलं वाचणाऱ्या फंक्शनकडून, येतो तो मजकूर, आकडा नव्हे. मजकुराला तीनने गुणलं की तो तीनदा शेजारी-शेजारी लिहिला जातो. पायथनने सांगितलं तेच केलं. इथे दुरुस्त केलेली ओळ हातात ठेवण्याआधी एक प्रश्न विचारावा : ‘टाइप फंक्शनने दराचा प्रकार छापून बघता का?’ उत्तरात ‘एसटीआर’ (म्हणजे मजकूर) दिसलं की निम्मं काम त्याचं त्यानेच केलेलं असतं. मग ‘इनपुट’ला ‘इंट’मध्ये गुंडाळायला सांगा, म्हणजे मजकुराचा आकडा होतो.

आणखी एक. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी आणि एरर मात्र इंग्रजीत, ही सोलापुरात रोजचीच गोष्ट. प्रश्नाची भाषा सुधारत बसू नका, अर्थ कळला की पुढे चला.

हाच प्रश्न आधी येऊन गेला असेल, तर जुन्या उत्तराची लिंक जरूर द्या. पण नुसती लिंक म्हणजे तोंडावर दार. ‘तिथल्या प्रोग्राममध्ये वय विचारलंय, तुमच्याकडे दर, भानगड तीच’ एवढी एक ओळ सोबत जोडा. नवख्यांशी सांभाळून बोलावं म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने २०१८ मध्ये त्यांच्या नावाजवळ ‘नवा सदस्य’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली. आपल्या ग्रुपवर अशी खूण नसते. ‘चालंना झालाय’ हीच खूण समजायची.

पावणेअकरा. मुलाचा मेसेज : ‘आले १३५०!’ थोड्या वेळाने पुन्हा एक, यावेळी फोटो नाही. तीन बॅकटिकच्या मध्ये एररची शेवटची ओळ, व्हॅल्यूएररची. खाली लिहिलंय : ‘दर १,२०० टाकला. ३,६०० यायला हवे होते.’

गंमत अशी, की देवनागरी आकडे ‘इंट’ला चालतात. अडलंय ते स्वल्पविरामावर.