पिशवीवरचा चौदा आकडी नंबर

(दृश्य: पर्वरी. पावसाळी संध्याकाळ, हॉटेलची मागची बाजू.)

या हॉटेलचं दर्शनी दार रस्त्यावर आहे, पण निम्मं जेवण जातं ते मागच्या दारानं. सात वाजले की पागोळ्यांखाली जेवण पोचवणाऱ्या ॲपच्या डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या लागतात. पोरांच्या अंगात रेनकोट, मोबाईलला प्लास्टिकची पिशवी. आतून हाक येते ती नावानं नाही, ऑर्डरच्या शेवटच्या चार आकड्यांनी.

पिशवीला टाचलेलं बिल जरा जवळून बघू. तळाशी बारीक छपाईत एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर आहे. १ जानेवारी २०२२पासून तो बिलावर छापावाच लागतो. सुरुवातीला १ असेल तर परवाना, २ असेल तर नुसती नोंदणी. २०११च्या नियमांनी ही रेघ वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीवर ओढली होती; त्याखाली नुसती नोंदणी. म्हणजे म्हापशातल्या एखाद्या काकूंनी घरच्या ओट्यावरून ॲपवर हुमण-शीत विकायचं ठरवलं, तरी नोंदणी आलीच. ॲपला स्वतःचा केंद्रीय परवाना लागतो, शिवाय बिननंबरचं स्वयंपाकघर त्यानं यादीत ठेवायचं नाही. २०१८ साली एफएसएसएआयनं दहा ॲपना ‘विनापरवाना हॉटेलं काढा’ असं बजावलं होतं. गोव्यात प्रत्यक्ष झाकण उघडून बघायला येतो तो राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) अन्न सुरक्षा अधिकारी.

कराचंही तसंच. हॉटेलच्या जेवणावरचा ५ टक्के जीएसटी २०२२पासून ॲपच भरतं, आणि २२ सप्टेंबर २०२५पासून डिलिव्हरीच्या पैशांवर १८ टक्के. वसुलीची वाट सरकारला लवकर सापडते, त्यात नवल नाही.

राहिला पिशवी उचलणारा.

(दृश्य: पणजी, कदंब बसस्थानकाबाहेर मोटारसायकल पायलट.)

दुचाकीवर पोट भरणं गोव्याला नवं नाही. मागच्या सीटवर भाड्यानं प्रवासी नेणारे हे पायलट बघा. पिवळा मडगार्ड, पिवळी नंबरप्लेट, खिशात परवाना. रस्त्यात काही झालं तर हा माणूस धंद्यावर होता, हे त्याची गाडीच सांगते. डिलिव्हरीवाल्याची प्लेट पांढरी. टी-शर्ट कंपनीचा, गाडी त्याची, पेट्रोलही त्याचंच.

कायमच्या नोकरीशिवाय कामागणिक पैसे मिळवणारा तो ‘गिग कामगार’; हा शब्द कायद्यात आला तो २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. ती लागू व्हायला २१ नोव्हेंबर २०२५ उजाडला. ॲप कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के या कामगारांच्या निधीत घालायचे आहेत. शेजारच्या कर्नाटकानं तर २०२५ साली स्वतःचा वेगळा कायदा केला. केंद्राच्या नियमांच्या डिसेंबर २०२५च्या मसुद्यात मात्र लाभ मिळायला एक अट होती: एकाच कंपनीसाठी वर्षात ९० दिवस काम, अनेक कंपन्या मिळून असेल तर १२०.

(दृश्य: पुन्हा पर्वरी.)

पिशवीची वाट बघत थांबलेल्या पेडण्याच्या एका डिलिव्हरीवाल्या मुलाला आम्ही ती अट वाचून दाखवली. तो हसला. सीझनमध्ये तो किनाऱ्यावर शॅकवर असतो, जूनमध्ये महिनाभर घरच्या शेतात. उरलेल्या दिवसांत दोन ॲप, जिथं ऑर्डर वाजेल तिथं.

“दिवस मोजायचे कोणी, दादा? मी की त्यांनी?”

आतून हाक आली, “सत्तेचाळीस एकोणीस!”

त्यानं रेनकोटची टोपी ओढली, पिशवी घेतली, आणि बिल भिजू नये म्हणून ते आतल्या बाजूला दुमडलं.