वही, चिकटपट्टी आणि बालेवाडीची रात्र

(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेत माझा विषय 'आयत्या वेळी यंत्र पुन्हा उभं करताना: संघकार्याची सूत्रं' असा छापलाय. सूत्रांकडे येतो. त्याआधी ही वही बघा. दोनशे पानी, रेघांची, कोपरे ग्रीसने काळे झालेले. आज मी आलोय तो हिच्यासाठी.

समोर रोबोकॉनवाले बरेच दिसतायत, टी-शर्टांवरूनच कळतं. पालकांसाठी दोन वाक्यांत सांगतो. आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन, म्हणजे आपल्या दूरदर्शनसारख्या प्रसारण संस्थांची संघटना, २००२पासून ही स्पर्धा भरवते. पहिली टोकियोला झाली. दरवर्षी यजमान देश विषय ठरवतो, पुष्कळदा आपल्या मातीतला एखादा खेळ किंवा प्रथा, आणि पोरांनी त्यासाठी रोबो बनवायचे. मैदानात एक बाजू लाल, एक निळी. आमच्या वेळी मांडामांडीला एक मिनिट, सामना तीन मिनिटांचा असायचा. वर्षभराचं काम तीन मिनिटांत दिसायचं.

२००८ साली यजमानपद भारताकडे होतं, स्पर्धा पुण्यात होती आणि विषय होता गोविंदा. आपली दहीहंडी! मी तेव्हा आठवीत होतो. वडिलांनी मला नेलं होतं. परदेशातली मुलं आपल्या हंडीसाठी यंत्रं घेऊन आलेली बघून मला काय वाटलं ते आजही सांगता येत नाही. पण यंत्रांपेक्षा जास्त लक्षात राहिली ती मैदानाबाहेर गुडघ्यांवर बसलेली चार पोरं. त्यांचा रोबो उघडा पडला होता. एकाने न मागता हात पुढे केला आणि दुसऱ्याने त्यात बरोब्बर हवा तो पाना ठेवला. भाषा कळत नव्हती, पण ते बोलतही नव्हते. मी वडिलांना विचारलं, "त्याला कसं कळलं कुठला पाना पाहिजे ते?" वडील म्हणाले, "सवयीनं." ते उत्तर मला पुरलं नाही. बरोबर उत्तर मिळायला नऊ वर्षं गेली.

तर २०१७. मी शेवटच्या वर्षाला. त्या वर्षी यजमान जपान आणि खेळ 'असोबी', म्हणजे मऊ चकत्या फेकून वेगवेगळ्या उंचीच्या सात गोल चौरंगांवर बसवायच्या. सातही चौरंगांवर आपली चकती बसली की 'अप्पारे', सामना तिथेच जिंकला. देशातली फेरी पुण्यात बालेवाडीला. आमचा रोबो दाबलेल्या हवेवर चालायचा. कोल्ड्रिंकच्या बाटल्यांत हवा भरायची आणि सिलिंडरच्या धक्क्याने चकती सोडायची. हो, त्याच प्लॅस्टिकच्या बाटल्या. हसणाऱ्या पालकांना सांगतो, कोल्ड्रिंकच्या बाटलीइतकं हलकं आणि दाब सोसणारं भांडं त्या पैशांत दुसरं मिळत नाही. अर्थात दाब नियमाच्या मर्यादेत ठेवून आणि डोळ्यांना चष्मा लावूनच.

आदल्या संध्याकाळी तपासणीत रोबो काट्यावर ठेवला आणि भरला वजनाच्या मर्यादेपेक्षा एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅम जास्त.

कॉलेजात आम्ही तो तोलला होता. पण त्यानंतर बाटल्यांचे क्लॅम्प आले, पुढचं गार्ड आलं, कोपऱ्यांना लोखंडी अँगल आले. प्रत्येक वस्तू आणणारा म्हणत होता, "एवढ्याशाने काय होतंय!" सकाळी पुन्हा तपासणी, तोवर एक किलो तीनशे ऐंशी उतरवायचे.

पिटमध्ये, म्हणजे टीमला रोबोवर काम करायला दिलेल्या जागेत, परतल्यावर तिघांनी ड्रिल उचलली. वजन कमी करायचं तर पत्र्याला भोकं पाडायची, हे प्रत्येकाने कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. ड्रिल सुरू झालं की माणसाला आपण काहीतरी करतोय असं वाटतं, तो आवाजच तसा असतो. पाऊण तास भोकं पाडणं चाललं. मग आमच्यातल्या एकाने ही वही उघडली, मागच्या पानावर गणित मांडलं. तीन मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमला दहा मिलिमीटरचं भोक पाडलं तर किती जातं? ०.६४ ग्रॅम. शंभर भोकांना चौसष्ट ग्रॅम. आम्हाला दोन हजारांच्या वर भोकं पाडावी लागली असती, आणि तोपर्यंत रोबोच उरला नसता. ड्रिल बंद झाली. त्या शांततेत मला पहिल्यांदा वाटलं की आता जमेल.

आता या वहीची गोष्ट. तिच्यासाठीच मी वेळ मागून घेतलाय.

आमची फेकायची यंत्रणा बनवणारी मुलगी होती. वर्गात आमच्यापेक्षा एक वर्ष मागे, डिझाइनमध्ये आमच्या दोन वर्षं पुढे. कॉलेजचा नियम असा की मुलींनी रात्री नऊला हॉस्टेलवर हजर पाहिजे, मुलांना मात्र वर्कशॉप रात्रभर उघडं. रोबोकॉनचं काम किती वाजता रंगात येतं ते इथल्या पोरांना विचारा. म्हणजे रोज काम ऐन भरात आलं की ती आवरून निघायची आणि सकाळी आली की तिचं यंत्र कुणीतरी 'सुधारलेलं' असायचं. चांगल्या मनाने सुधारलेलं, पण बिघडलेलं. तिने अर्ज केला, उत्तर आलं, "मुलींच्या सुरक्षिततेसाठी." सुरक्षितता हवीच. मग वर्कशॉपपासून हॉस्टेलपर्यंत दिवे लावा, रखवालदार ठेवा. दार लावून घेणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय होता, म्हणून तो निवडला गेला. मला याचा राग आहे. आठ वर्षांत तो कमी झालेला नाही आणि होऊ नये असंच वाटतं.

मग तिने ही वही सुरू केली. रोज पावणेनऊला एक पान. आज काय जोडलं, कुठला बोल्ट किती लांबीचा, कशाला हात लावायचा नाही, आणि का नाही. 'का नाही' हे ती कधीच सोडत नसे. कॅन्टीनच्या काट्यावर तिने यंत्रणेचा प्रत्येक भाग तोलला होता. काटा मागायला गेली की कॅन्टीनचे मामा आधी तिला चहा पाजायचे. प्रत्येक वायरला, प्रत्येक नळीला मास्किंग टेपची पट्टी आणि तिच्यावर आकडा, तोच आकडा वहीत. आम्ही तेव्हा तिला चिडवायचो. आज तिची माफी मागून झालीय, पण तुमच्यासमोर पुन्हा मागतो.

त्या रात्रीही मुलींची राहायची सोय दुसरीकडे होती आणि गाडी त्यांना घेऊन गेली होती. ती पिटमध्ये नव्हती. वही होती.

वहीत लिहिलं होतं: तळपट्टी पोलादी, तीनशे बाय दीडशे, जाडी तीन, वजन एक हजार साठ ग्रॅम. खाली टीप: 'वजन वाढलं तर ही ॲल्युमिनियमची करता येईल. पण फेकतानाचा धक्का हिच्यावर येतो. ॲल्युमिनियम जास्त वाकतं. दोन्ही लांब कडा काटकोनात दुमडा, नाहीतर चकती वर जाईल.' अहो, तिने जानेवारीत आमची मार्चमधली रात्र लिहून ठेवली होती! पोलाद ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, म्हणजे या एका पट्टीत सातशेच्या आसपास ग्रॅम वाचणार.

पत्रा आणायचा कुठून? रात्रीचे अकरा वाजलेले. शेजारच्या पिटमध्ये विदर्भातली एक टीम होती, सकाळी आमच्याच गटात आमच्याविरुद्ध उतरणारी. त्यांनी आपला शिल्लक पत्रा दिला, वर आमच्याकडे नसलेला वाईस, म्हणजे पत्रा घट्ट धरणारा शिकंजा, वापरायला दिला आणि त्यांचा एक जण कडा दुमडायला येऊन बसला. पिटमध्ये हे नेहमीचं आहे आणि बाहेरच्या कुणाला ते पटत नाही. सामना यंत्रांचा असतो. समोरच्याचा रोबो उभाच राहिला नाही तर खेळायचं कुणाशी?

कोपऱ्यांचे चार लोखंडी अँगल काढले, तीनशे चाळीस गेले. गार्ड दोनशे दहा. कारण नसताना लांब असलेले बोल्ट हॅकसॉने कापले, वायरींची भेंडोळी छाटली, त्यात एकशे ऐंशी. आमच्यातला सगळ्यांत लहान पोरगा, पहिल्या वर्षाचा, तोवर ज्याच्याकडे फक्त पेटी सांभाळायचं काम होतं, त्याने त्या रात्री अख्खी फेकायची यंत्रणा एकट्याने सुटी केली आणि परत जोडली. त्याने ती पूर्वी कधीच जोडली नव्हती. तो पान उघडायचा, आकडा वाचायचा, पट्टी शोधायचा. कानसने कडा घासताना काहीतरी गुणगुणत होता. सव्वादोनला यंत्रणा उभी.

आणि साडेतीनला धूर.

चाकांच्या मोटरचा एक ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज देणारं सर्किट, जळला. बॅटरीचं धन-ऋण उलटं लागलं होतं. ती बाजू आमच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याची. अतिशय हुशार पोरगा. सगळं सर्किट त्याच्या डोक्यात होतं आणि तो मुलांच्या खोलीत तापाने फणफणून झोपला होता. त्याने एकाच रंगाच्या वायरचं बंडल आणलं होतं, म्हणून प्रत्येक वायर लाल. पट्टी एकीलाही नाही. दुसरा ड्रायव्हर शेजाऱ्यांनीच दिला, तो लावायला पाच मिनिटं पुरली असती. मल्टिमीटर लावून, बीप ऐकत, कुठली वायर कुठे जाते हे शोधण्यात आमचा दीड तास गेला, तरी दोन वायरींचा पत्ता लागेना. शेवटी त्याला उठवावंच लागलं. तो चादर गुंडाळून आला, थरथरत बसला, दोन वायरींकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ही इकडे, ती तिकडे." दोन मिनिटं.

त्याचा दोष मी मानत नाही. "हे लिहून ठेव" असं त्याला कधी कुणी म्हटलं नव्हतं, कारण तो रात्रभर वर्कशॉपमध्ये हजर असायचा. जो हजर असतो त्याला लिहावं लागत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. जिला जावं लागायचं तिनेच लिहिलं, आणि म्हणून ती नसताना तिचं काम उभं राहिलं. त्या नियमाचं समर्थन कुणी यातून काढू नये. वही त्या मुलीची आहे, नियमाची नाही.

सकाळी काटा. मर्यादेच्या आत, पंचेचाळीस ग्रॅम राखून. काट्यावर आकडा थांबला तेव्हा पहिल्या वर्षाचा तो पोरगा रडला. त्यानंतर आम्ही एक सामना जिंकलो, एक हरलो. हरलो तो पत्रा देणाऱ्यांशी. स्पर्धा आमच्यासाठी तिथे संपली.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, सात मिनिटं उरलीत. सूत्रं सांगायची राहिलीत, तर आता भराभर.

बातम्यांत येतं, 'पोरांनी रात्रभर जागून जुगाड केला.' जागरणाचं हे कौतुक मला खुपतं. रात्री नवं काही सुचत नाही, दिवसा ठरवलेलं हाताशी येतं एवढंच. ज्याला पुन्हा जोडायचाय तो रोबो आधी सुटा होणारा असला पाहिजे. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. ज्याने जो भाग बनवला त्याने गप्प बसायचं, दुसऱ्याने तो पूर्ण सोडवून परत लावायचा. जिथे बनवणाऱ्याला तोंड उघडावंसं वाटेल, तिथे एक टेपची पट्टी कमी आहे असं समजा. वायरी दोन रंगांच्या आणा, आणि बॅटरीला असा जोड लावा की तो उलटा बसूच शकणार नाही. चाळीस रुपयांत मिळतो.

दुसरं, काही नवं बसवलं की त्याच दिवशी तोला. तिसरं, रात्री निर्णय कुणाचा हे दुपारीच ठरवा. आमची पाऊण तासाची भोकं कुणी थांबवली नाहीत, कारण थांबवायचं काम कुणाचंच नव्हतं. सगळ्यांनी एकाच वेळी यंत्राभोवती वाकू नका, दोघांचे हात आत, एक जण वही घेऊन मागे, बाकीच्यांनी झोपा. खरोखर झोपा, सकाळी मांडामांडीच्या एका मिनिटात मैदानात ज्यांना उतरायचंय त्यांनी तर नक्कीच.

आणि इथे बसलेल्या प्राध्यापकांना हात जोडून सांगतो, मुलींसाठी वर्कशॉप मुलांइतकंच उघडं ठेवा. सोबतीची, गाडीची व्यवस्था करा. तुमच्या टीमचं अर्धं डोकं रात्री नऊला कुलुपाबाहेर जातंय.

२०२२ला भारताने पुन्हा यजमानपद घेतलं तेव्हा विषय लगोरी होता. त्या वर्षीच्या पोरांना मी एवढंच म्हणायचो की लगोरीत ठिकऱ्या पुन्हा रचताना समोरून चेंडू येतच असतो, तुमची पिटमधली रात्रही तशीच धरा. त्यातल्या एका टीमने स्वतःची वही केली, ती मला दाखवायला आणली, तिच्यात चहाचे डाग या वहीपेक्षा जास्त होते.

सात मिनिटं झाली. प्रश्न घेऊ, तोवर ही वही पहिल्या रांगेपासून मागे फिरवा. तळपट्टीचं चित्र पान त्रेसष्टवर आहे, दुमडायच्या कडा तिने निळ्या पेनने दाखवल्यात. सांभाळून उलटा, मागचा पुठ्ठा अर्धाच आहे. उरलेला अर्धा पहाटे पाचला बॅटरी हलू नये म्हणून तिच्याखाली घातला होता.