पोकळीतला गोटा

मंडळी, सुका नारळ कानाशी धरून हलवला की आत गोटा खुळखुळतो, हे कुडाळात कुणाला सांगायला नको. करवंटीपासून सुटलेलं खोबरं आणि भोवती जराशी हवा. ॲस्परजिलोमा, म्हणजे फुफ्फुसातल्या पोकळीत वाढलेला ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा गोळा, स्कॅनवर नेमका असाच दिसतो. माणसाला उताणं झोपवा, मग पालथं. पोकळीतला गोळा त्या त्या बाजूला घरंगळतो.

ही पोकळी बहुतेकदा जुन्या टीबीची. औषधांनी जंतू मरतात, पण खाल्लेलं फुफ्फुस भरून येत नाही. मुंबईच्या गिरणीतून खोकला घेऊन गावी परतलेली माणसं आपल्यातल्या कितीकांनी पाहिलीत. त्यात आपला पावसाळा. भिजलेला पेंढा उपसला की जी धूळ उडते, त्यात ॲस्परजिलसचे बीजाणू असतात, अवघे २-३ मायक्रॉनचे. ते आपण सगळेच हुंगतो. धडधाकट फुफ्फुस ते झाडून काढतं. पोकळीत मात्र केर काढणारं कुणी नसतं. (ॲस्परजिलस हे नाव इटलीच्या मिकेली यांनी १७२९ साली दिलं, चर्चमध्ये तीर्थ शिंपडायच्या साधनावरून. ही बुरशी आपल्याकडे सापडली असती तर आंब्याच्या डहाळीचं नाव मिळालं असतं.)

आता माझी चूक सांगतो. एक सुपारीवाले बागायतदार, थुंकीत रक्त, जुना टीबी. थुंकी तपासली, जंतू नाहीत. तरी मी टीबीची औषधं पुन्हा सुरू केली. रक्त थांबेना, तेव्हा कुठे स्कॅन आणि ॲस्परजिलसच्या अँटीबॉडीची तपासणी केली, आणि हा गोळा सापडला. जुना टीबी आणि रक्त, म्हणजे टीबीच उलटला, हे गणित आम्हा डॉक्टरांच्याही डोक्यात घट्ट बसलंय.

गोळा गप्प असेल तर नुसतं लक्ष ठेवतात. रक्त पडत असेल तर तो भाग शस्त्रक्रियेनं काढणं हा खरा इलाज. पण या बागायतदारांना दहा पायऱ्या चढताना दम लागायचा. भूल कोण देणार? गोळ्याला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे औषध आतपर्यंत पोचत नाही. मांडीतून नळी घालून रक्तवाहिनी बंद केली. काही महिन्यांनी पुन्हा रक्त.

मग उरली ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालणं. त्यांच्या पोकळीचं तोंड श्वासनलिकेच्या फांदीत उघडत होतं, हे नशीब. ते नसेल तर दुर्बिणीनं पोचताच येत नाही. चिमट्यानं तुकडा तुकडा काढायचा, एका बैठकीत संपत नाही. ओढताना रक्त उसळू शकतं, म्हणून सगळी तयारी हाताशी ठेवूनच. असा दुर्बिणीनं गोळा काढलेले रुग्ण जगभरात थोडेच, त्यामुळे हा शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून मी कुणाला विकणार नाही. निघालं ते पिवळट-तपकिरी, चिमट्यात भुगा होणारं. बागायतदार ट्रेकडे बघून म्हणाले, "ह्यो तर आमच्या गोठ्यातलो पेंढो!"

एक विचारून ठेवलेला प्रश्न आहे: घरी अचानक भसकन रक्त आलं तर? कुठल्या बाजूला पोकळी आहे ते घरातल्यांना माहीत हवं. त्याच कुशीवर झोपवा, ती बाजू खाली. चांगली बाजू रक्तानं भरता कामा नये. श्वासनलिकांचं सगळं जाळं मिळून जेमतेम १५० मिली जागा. माणूस रक्त कमी होऊन नव्हे, त्यात गुदमरून जातो. पाणी पाजू नका, आणि गोव्याला न्या की घाट चढून कोल्हापूरला, हे आजच ठरवून ठेवा.