कॉलेज फुटबॉल: पैसा आला, करार कुठे आहे?

नमस्कार श्रोतेहो. ऑगस्ट संपता संपता अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि पुढचे कितीतरी शनिवार विद्यापीठांची गावं त्यातच बुडालेली असतात. खेळ लंबगोल चेंडूचा, हातात घेऊन पळायचा, अंगावर धडका झेलायचा. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एका वेळी 1 लाख 7 हजारांहून जास्त माणसं बसतात. आपल्याकडून तिकडे शिकायला गेलेली मुलं पहिल्याच सत्रात त्या गर्दीत सामील होतात. मग घरी फोनवर विचारतात, की हे खेळाडू विद्यार्थी आहेत की व्यावसायिक? प्रश्न रास्त आहे, आणि आज त्याचं सरळ उत्तर अमेरिकेच्या कायद्यातही सापडत नाही.

मुलांच्या हातात पैसा आला आणि खेळ बिघडला, अशी तक्रार तिकडे सर्रास ऐकू येते. मला ती पटत नाही. पैसा फार आधी आला होता, फक्त मुलांपर्यंत पोचत नव्हता. 1984 पर्यंत कोणता सामना टीव्हीवर किती वेळा दाखवायचा, हे एनसीएए ही राष्ट्रीय संघटना ठरवायची. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी तो अधिकार मोडीत काढला आणि विद्यापीठांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले सामने विकायला मोकळे झाले. 2022 मध्ये बिग टेन या गटाने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, 7 अब्ज डॉलरहून मोठा. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एमने प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना काढलं, तेव्हा उरलेल्या कराराचे सुमारे 7 कोटी 60 लाख डॉलर त्यांना देणं लागलं. खेळाडूंच्या वाट्याला मात्र शिक्षणाचा खर्च, राहणं, जेवण आणि किरकोळ भत्ता. जास्त काही घेतलं तर बंदी.

हे चित्र 2021 मध्ये पालटलं. जूनमध्ये खेळाडूंच्या शिक्षणाशी जोडलेल्या लाभांवरच्या मर्यादेबद्दलच्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे नऊही न्यायाधीश एनसीएएच्या विरोधात गेले. 1 जुलैपासून खेळाडूंना स्वतःचं नाव, छायाचित्र आणि ओळख वापरून जाहिरातीतून कमावायची मुभा मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात. त्याच वर्षी एक वर्ष बाहेर न बसता एकदा विद्यापीठ बदलायची सवलत आली आणि 2024 मध्ये एकदाची ही अटही गेली. अभ्यासात पास असाल तर दरवर्षी संघ बदला.

मग 6 जून 2025 रोजी, खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाउस खटल्यातली तडजोड न्यायालयाने मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत मिळून सुमारे 2.8 अब्ज डॉलर भरपाई, आणि 1 जुलैपासून विद्यापीठाने खेळाडूंना थेट पैसे द्यायला परवानगी. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर, म्हणजे साधारण पावणेदोनशे कोटी रुपये. आयपीएलच्या 2025 च्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची मर्यादा 120 कोटी होती, हे आठवलं की आकडा डोळ्यांसमोर येतो. फरक इतकाच, की इथे त्या रकमेत विद्यापीठाचे सगळे खेळ येतात. बड्या विद्यापीठांनी वाटणी केली ती ढोबळमानाने अशी: फुटबॉलला पाऊणहिस्सा, पुरुषांच्या बास्केटबॉलला 15 टक्के, महिलांच्या बास्केटबॉलला 5, आणि उरलेल्या साऱ्या खेळांना मिळून 5.

याच तडजोडीत फुटबॉलच्या 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली आणि तिच्या जागी एकूण संघ 105 जणांचा, अशी मर्यादा आली. वरवर पाहता जागा वाढल्या. पण पूर्वी शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ हौसेने सरावाला येणारी मुलं धरून संघ 120 च्या पुढे जायचे. ही मुलं रोज पहाटे उठून मुख्य संघाला सराव देतात, शनिवारी बहुतेक वेळ बाकावर बसतात. कात्री पहिली त्यांनाच लागली. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी याच मुद्द्यावर मंजुरी अडवून धरली होती. शेवटी, ज्यांची जागा या मर्यादेपायी गेली किंवा जाणार होती, ती मुलं 105 मध्ये मोजायची नाहीत, असं ठरलं. ती मुलं शिकून बाहेर पडली की हा दरवाजा बंद.

आता बाहेरच्या जाहिरातीच्या कराराचं बघू. समजा गावातल्या मोटारविक्रेत्याने एका खेळाडूला दोन हजार डॉलर देऊ केले. 600 डॉलरच्या वरचा प्रत्येक करार खेळाडूने ठरलेल्या मुदतीत एका संगणकीय प्रणालीवर नोंदवायचा. तिथे तीन गोष्टी तपासतात. पैसे देणाऱ्याचा विद्यापीठाशी काय संबंध आहे, जाहिरातीमागे खरा धंदा आहे का, आणि रक्कम बाजारभावाला धरून आहे का. करार नामंजूर झाला, तर तो बदलून पुन्हा द्यायचा किंवा लवादाकडे जायचं. घोडं अडतं ते दुसऱ्या प्रश्नावर. श्रीमंत पाठीराख्यांनी उभारलेली मंडळं, तिकडे त्यांना कलेक्टिव्ह म्हणतात, जाहिरातीच्या नावाखाली पगारच देत होती. हे करार तपासणाऱ्या नव्या आयोगाने जुलै 2025 मध्ये त्यांना मनाई केली, वकिलांनी हरकत घेतली आणि त्याच महिन्यात आयोगाला नियम सैल करावा लागला.

प्रत्येक नियम असा का कोसळतो, यातच साऱ्या गोंधळाचं मूळ आहे. अमेरिकेत स्पर्धकांनी एकत्र बसून कामगाराचा मोबदला ठरवणं मक्तेदारीविरोधी कायद्यात बसत नाही. व्यावसायिक एनएफएलमध्येही वेतनमर्यादा आहेच. पण ती खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ठरते, म्हणून न्यायालयात टिकते. कॉलेजच्या खेळाडूला कर्मचारी मानायला विद्यापीठं तयार नाहीत. कर्मचारी नाही म्हणून संघटना नाही, संघटना नाही म्हणून सामूहिक करार नाही, आणि करार नाही म्हणून कुणीही वकील करून नियम पाडू शकतो. डिएगो पाविया या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूने, डिसेंबर 2024 मध्ये न्यायालयातून आणखी एक वर्ष खेळायची परवानगी मिळवली, कारण कनिष्ठ महाविद्यालयातली वर्षं पात्रतेत धरणं बेकायदा ठरू शकतं, असं न्यायाधीशांना वाटलं. मुलांनी पैसे मागितले यात गैर काहीच नाही. त्यांच्याशी समोरासमोर बसून करार करण्याचं विद्यापीठांनी टाळलं, त्याची किंमत आता खेळ मोजतो आहे.

ही किंमत डिसेंबर 2024 मध्ये उघड दिसली. बाद फेरी चारऐवजी बारा संघांची झाली होती. शाळकरी खेळाडूंच्या विद्यापीठांशी करायच्या सह्या, प्रशिक्षकांची उचलबांगडी, संघबदलाची मुदत, सत्राच्या परीक्षा आणि बाद फेरीचे सामने, सगळं एकाच महिन्यात. मार्शल विद्यापीठाने आपल्या गटाचं विजेतेपद मिळवलं, प्रशिक्षक दुसरीकडे गेले, दोन डझनांहून जास्त खेळाडूंनी संघबदलासाठी नावं दिली, आणि उरलेल्या मुलांच्या बळावर खेळणं अशक्य म्हणून विद्यापीठाने बोल सामन्यातून, म्हणजे हंगामाअखेरच्या निमंत्रणाच्या सामन्यातून, माघार घेतली. त्या वर्षीचा विजेता ओहायो स्टेट एकूण 16 सामने खेळला. एनएफएलचा साखळी हंगाम 17 सामन्यांचा असतो.

मैदानावरचे नियमही टीव्हीकडे बघूनच वळतात. 2023 पासून फर्स्ट डाऊननंतर, म्हणजे संघाने दहा यार्ड पुढे सरकून नवे चार प्रयत्न मिळवल्यावर, घड्याळ थांबत नाही, फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत थांबतं. पुढच्या वर्षी त्या दोन मिनिटांआधी सक्तीची विश्रांती आली. म्हणजे खेळाचे डाव कमी आणि जाहिरातीची एक जागा पक्की. मैदानात गेलात तर कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस शोधा. तो वाहिनीचा माणूस. तो पंचांना खूण करेपर्यंत बावीस खेळाडू थंडीत उभे राहतात.

प्रवासाचं तर बोलायलाच नको. पॅसिफिक किनाऱ्यावरचा शंभर वर्षांहून जुना गट 2024 पर्यंत फुटला. स्टॅनफर्ड आणि बर्कली आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाच्या गटात खेळतात. फुटबॉलचा संघ खास विमानाने आठवड्यातून एकदा जातो, त्याचं निभतं. व्हॉलीबॉलच्या मुलींना भर आठवड्यात देश ओलांडावा लागतो आणि परत येऊन वर्गात बसावं लागतं. ज्यांच्या खेळासाठी टीव्हीचे हे करार झालेच नाहीत त्यांच्यावर हा भार टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

शेवटी, अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी दोन कामाच्या गोष्टी. तिथेच वाढलेला तुमचा मुलगा किंवा मुलगी कुठल्याही खेळात अशी जाहिरात करणार असेल, तर या पैशातून बहुधा कर कापला जात नाही. खेळाडू स्वयंरोजगारी धरला जातो. नेहमीच्या आयकराशिवाय सुमारे 15.3 टक्के स्वयंरोजगार कर लागतो आणि तो वर्षातून चार हप्त्यांत भरायचा असतो. अठरा वर्षांचं पोर 50 हजार डॉलरची गाडी घेऊन बसतं आणि एप्रिलमध्ये बिल येतं. एजंटाची टक्केवारीही लेखी घ्या. एनएफएलच्या खेळाडूंच्या करारावर ती 3 टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही, कॉलेजच्या पातळीवर तशी देशव्यापी मर्यादा नाही.

आणि मूल इथून एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर गेलं असेल, तर नियम वेगळे. त्या व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि अमेरिकेत राहून केलेली पैसे घेऊन जाहिरात हे काम ठरू शकतं. संघातल्या मित्राने केलं म्हणून आपणही सही करू नये. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारावं, मग व्हिसा जाणणाऱ्या वकिलाला करार दाखवावा, आणि दोघांचं उत्तर हातात येईपर्यंत एक डॉलरही घेऊ नये.