मागची खुर्ची उंच का?

मुलांनो, उदगीरकरांना विमानाचा आवाज नवा नाही. बीदरचा हवाई तळ इथून जवळच. खुरपणारी बाई मान वर करून बघते, ते बहुधा तिथलं हॉक, म्हणजे वैमानिकांना शिकवायचं जेट, असतं. तुम्ही मनातल्या एका देशासाठी तसंच विमान आखलंत. देश गरीब, सीमा डोंगराळ. म्हणून एकाच हलक्या जेटवर पोरांनी शिकायचं आणि वेळ आली तर त्यातूनच हल्लाही करायचा. विचार अगदी रास्त आहे. हॉक, झेक एल-३९, फ्रान्स-जर्मनीचं अल्फा जेट ही सगळी दुहेरी कामाचीच विमानं.

पण तुमच्या चित्रात पंखांखाली आठ बॉम्ब आहेत आणि मागच्या माणसाला समोरचं काही दिसत नाही. माझी नजर तिथंच अडली.

गोऱ्हा कामाला लावताना आपण त्याला जुन्या बैलाशेजारी जुंपतो. किरण या आपल्या जुन्या शिकाऊ विमानात गुरू-शिष्य तसेच शेजारी बसतात. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली ते आखलं गेलं, १९६४ साली पहिल्यांदा उडालं. शिष्याचा हात कुठं चाललाय हे गुरूला लगेच कळतं. मात्र त्यामुळं नाक रुंद होतं, हवा जास्त अडते, आणि पुढं लढाऊ विमानात एकट्यानं बसायचं असतं त्याची सवय होत नाही. म्हणून हॉकमध्ये खुर्च्या मागेपुढे असतात, आणि मागची उंच. उतरताना गुरूला शिष्याच्या डोक्यावरून धावपट्टी दिसलीच पाहिजे.

आता बॉम्ब. वजन वाढलं की धावपट्टी लांब लागते. त्यात आपल्यासारखा मे महिना असेल तर तापलेली हवा विरळ होते, पंखांची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात. आठाचे चार करा.

शिकणारा चुकणारच, हे धरूनच विमान बांधावं लागतं. वेग पडला आणि नाक वरच राहिलं की पंखावरची हवा सुटते. एक पंख आधी ढासळला तर विमान गिरक्या घेत खाली येतं. त्यातून ते सहज सावरलं पाहिजे. आपलं एचजेटी-३६ हे नवं शिकाऊ जेट २००३ साली उडालं आणि या गिरकीपाशीच वर्षानुवर्षं अडलं. अखेर उभी शेपटी मागं सरकवली, रडर, म्हणजे तिच्यावरचं हलतं सुकाणू, वाढवला. २०२२ च्या जानेवारीत, डावीकडं सहा आणि उजवीकडं सहा गिरक्या घेऊनही ते सावरतं, हे दाखवून झालं. लोक याला उशीर म्हणतात. मला त्या अभियंत्यांबद्दल आदर वाटतो, कारण त्या खुर्चीत कुणाचं तरी विशीतलं लेकरू बसणार असतं. हॉक विमानं घ्यायचा करार २००४ साली झाला आणि २००८ मध्ये ती बीदरला सेवेत दाखल झाली. त्याआधी किरणवरची पोरं फार लवकर मिग-२१ या लढाऊ विमानावर जात. ते विमान उतरतानाच इतकं वेगात असे, की चूक सुधारायला सवड मिळत नसे.

तेव्हा चित्र पुन्हा काढा. आधी मागची खुर्ची उचला, मग शेपटी बघू. बॉम्ब सगळ्यात शेवटी.