सुतकातले दहा दिवस

मित्रहो, 'साबर बोंडं' या चित्रपटावर बोलायचं ठरलं, तेव्हा मला आधी ते फळच आठवलं. निवडुंगाला लागणारं, जांभळट लाल. त्याची बारीक कुसळं बोटात घुसली की दिसत नाहीत, पण दिवसभर सलत राहतात. ती मातीत घासून काढायची आणि मग आतला गोड गर खायचा. ज्याला हे जमतं, तोच दुसऱ्याला सोलून देऊ शकतो.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात तो दाखवला गेला. तिथे पोहोचलेला हा पहिला मराठी चित्रपट, आणि जागतिक कथापट विभागातलं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्यानं मिळवलं. कौतुक व्हायलाच हवं. पण मला आज बोलायचंय ते सुतकाबद्दल.

मुंबईत राहणारा तिशीतला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. बाळ्या शेतकरी आहे, अविवाहित आहे, आणि घरच्यांनी त्याच्यामागे लग्नाचा लकडा लावलाय. आनंदच्या मागेही नातेवाईक तेच टुमणं लावतात. कानवडे यांच्या स्वतःच्या वडिलांच्या सुतकात त्यांनाही हेच ऐकावं लागलं होतं. चित्रपटाचं बीज तिथलं.

सुतक ही मला फार शहाणी गोष्ट वाटते. माणूस गेल्यावर घरच्यांना कामातून बाजूला काढायचं, भेटायला यायचं, नुसतं बसून राहायचं. दुःखाला गावानं दिलेली ती रजाच. पण सांत्वनाला आलेला माणूसच चहा संपायच्या आत विचारतो, "आता पोराचं कधी करताय?" दहाव्याला घाटावर काय होतं, तुम्ही पाहिलंय. पिंडाला कावळा शिवत नाही. मग कुणीतरी वडीलधारं हात जोडून म्हणतं, "काळजी करू नका, पोराचे दोनाचे चार हात करू." कावळा शिवतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. ज्याच्या नावानं शब्द दिला गेला, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

हा चित्रपट त्या दहा दिवसांच्या आतच प्रेमाला जागा करतो, आणि घाई करत नाही. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी थांबलेला. वारा, पाखरं, शेळ्या, आणि दोन पुरुष शेजारी शेजारी बसलेले. आनंद आणि बाळ्या साकारणाऱ्या भूषण मनोज आणि सूरज सुमन यांच्या देहबोलीत मला सर्वात भावलं ते एकमेकांना दिलेलं स्वस्थपण. शोकात असलेल्या माणसाला खरं तर तेच हवं असतं. समजूत घालणारे पुष्कळ असतात. आणि जयश्री जगताप यांनी साकारलेली आनंदची आई! मुलाला पुरुष आवडतात हे तिला माहीत आहे, वडिलांनाही माहीत होतं. नवरा गमावलेली ही बाई स्वतःचं दुःख सांभाळत मुलाभोवती हात धरून उभी राहते. तिच्यावर वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांचं परस्परसंमतीचं समलिंगी नातं गुन्ह्यातून मोकळं केलं. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र अशा लग्नाला कायदेशीर मान्यता मिळाली नाही. म्हणजे सोबत राहता येतं, पण त्यातला एक गेला की दुसरा कोण, याला कागदावर उत्तर नाही. घरातही नसतं.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. त्यांचा जोडीदार वारला. वीसहून अधिक वर्षं दोघं एका घरात राहत होते. अग्नी पुतण्यानं दिला. हे मागे, ऑफिसच्या लोकांत उभे होते. 'मित्रा'साठी रजा मिळत नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी कामावर गेले. सुतक त्यांना कुणी धरू दिलं नाही आणि भेटायलाही कुणी आलं नाही.

त्यांना मी हा चित्रपट पाहायला घेऊन गेलो होतो. बाहेर पडल्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. रिक्षात बसताना एवढंच म्हणाले, "त्या पोराला दहा दिवस तरी मिळाले हो."